पहिल्या हाकेला

८ जानेवारी

ताई,

अक्षर ओळखलं असशीलच. पाकिटावर मुद्दाम माझं नाव घातलं नाही, न उघडताच टाकून देशील अशी भीती होती. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच, मग काय शिव्या घालायच्या त्या घाल. फोन केला नाही, कारण माझा नुसता 'हॅलो' ऐकून तू ठेवून देतेस. आई गेल्यापासून तेवढी एक गोष्ट तू न चुकता करत आली आहेस.

इकडे सगळे बरे आहेत. बाबांची प्रकृती वयाच्या मानाने चांगली आहे, कान मात्र गेल्यात जमा. कानाचं यंत्र आणून दिलं, तर मुंगी शिरल्यासारखं वाटतं म्हणतात आणि चष्म्याच्या डबीत ठेवून देतात. दुकान चाललंय. तुझी भावजय सकाळी शाळेत शिकवते आणि दुपारी माझ्याबरोबर काउंटरला उभी राहते. गिऱ्हाईक नवी फ्रेम चढवून आरशात बघतं आणि मत तिला विचारतं. मी आत बसून काचा घासतो.

आता कामाचं. आईने ज्या गेमला आवाज दिला होता, 'सात दरवाजे', तो नव्याने निघतोय. जुनी कंपनी केव्हाच बुडाली. कुणा नव्या लोकांनी त्याचे हक्क घेतलेत. त्यांच्याकडून एक मुलगी दुकानात येऊन गेली. तीस-बत्तिशीची असेल, हुशार आहे, मला सारखी 'सर' म्हणत होती. आईचा आवाज वापरायचा तर बाबांची, तुझी आणि माझी, तिघांची संमती लागेल म्हणते. नाही दिली तर दुसऱ्या कुणाकडून नव्याने बोलून घेतील.

तू तो गेम कधी खेळली नाहीस. 'तो भुताचा खेळ' एवढंच तू त्याच्याबद्दल म्हणायचीस. म्हणून कशावर हो-नाही म्हणायचंय ते थोडक्यात सांगतो.

पडका किल्ला, त्याचे सात दरवाजे, प्रत्येकामागे शत्रू. तलवारवाली सरदारीण, ती आपण चालवायची. तिच्याबरोबर धनुष्यबाण घेतलेली एक लहानशी पोरगी, ती आपली आपण चालते. सरदारणीचा आवाज आईचा. जाहिरातींत दंतमंजनापासून पाण्याच्या पंपापर्यंत सगळं आवाजाने विकणारी आपली आई त्या एका गेममध्ये हातात तलवार घेऊन उभी राहिली. माझे शाळेतले मित्र घरी यायचे ते तिचं बोलणं ऐकायला. "काकू, एकदा 'मागे बघ!' म्हणा ना," असं म्हणायचे, आणि आई कणीक मळता मळता अशी ओरडायची की खरंच सगळे मागे वळून बघायचे.

गेम म्हणून तो भिकार होता, ताई. मी सांगतोय म्हणजे खरं समज. ऐन मारामारीत कॅमेरा भिंतीत शिरायचा आणि समोर नुसता दगड दिसायचा. उडी मारायचं बटण दाबलं की सरदारीण आधी विचार करायची आणि मग उडी मारायची, तोवर खड्डा आलेला असायचा. पाचवा दरवाजा म्हणजे दुसराच दरवाजा, रंग बदलून. आणि ती धनुष्यवाली पोरगी! तिच्याइतका बिनडोक प्राणी कुठल्या गेममध्ये झाला नसेल. खांबाआड अडकायची, जिन्यावर उलटी चालत बसायची. तिला जवळ बोलवायला एक खास बटण होतं. ते दाबलं की आई हाक मारायची:

"किती लांब जातेस! इकडे ये!"

पोरगी यायची नाही. पुन्हा दाबायचं. पुन्हा हाक. तिसऱ्या-चौथ्या हाकेला कुठे ती रमतगमत यायची. आपण बटणाला हात लावला नाही आणि पोरगी अडकलेली राहिली, तर सरदारीण आपण होऊनच थोड्या थोड्या वेळाने हाका मारत राहायची. तीही चूकच. पण त्या काळी आपल्या भाषेत असं काही फारसं नसायचं, त्यामुळे ज्यांनी खेळला त्यांनी जिवापाड खेळला. नंतर मी सुरेख, निर्दोष गेम पुष्कळ खेळलो. त्यांतला एकही आज आठवत नाही. याचा मात्र भिंतीत शिरणारा कॅमेरासुद्धा मला माणसासारखा ओळखीचा आहे.

बाबा अजून तो लावतात, रोज दुपारी. कान असे झाल्यामुळे आवाज फार मोठा ठेवतात. वरच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाई नवीन आहेत, त्यांना आपलं काही माहीत नाही. परवा जिन्यात भेटल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुमच्याकडे कोण बाई आल्यात का हो? दुपारभर कुणाला तरी बोलावत असतात. जात का नाही ती मुलगी त्यांच्याकडे?"

'टीव्ही आहे तो,' म्हटलं आणि खाली उतरलो.

संमतीचं कळव. नाही म्हणालीस तरी चालेल, पण कळव.

तुझा भाऊ


२ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही. म्हणजे एकतर पत्र पोचलं नाही, किंवा फार नीट पोचलं. मी दुसरं धरून चालतो.

मागच्या पत्रात मी बऱ्याच गोष्टी झाकून लिहिलं. लिहिताना कळत होतं. आज दुकान बंद आहे, तुझी भावजय माहेरी गेली आहे आणि बाबा आत झोपलेत. तेव्हा उरलेलं लिहून टाकतो.

आईचं घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा तू आली होतीस. स्वरयंत्र काढल्यावर ती पाटीवर लिहायची, तेही तू पाहिलंस. तू परत गेल्यावर काय झालं ते तुला ठाऊक नाही. पाटीने काही दिवस निभावलं. पण पाटी दाखवायला माणूस समोर असावा लागतो. बाबा स्वयंपाकघरात, मी दुकानात निघालेला, दूध गॅसवर, आणि आई पलंगावर. हाक कशी मारणार? टाळ्या वाजवून पाहिल्या. ताटावर चमचा वाजवून पाहिला. एक दिवस चिडून तिने ताटच भिरकावलं.

त्यानंतर एका दुपारी मी दुकानातून जेवायला आलो, तर दारातच तिचा आवाज. "किती लांब जातेस! इकडे ये!"  आत गेलो तर आई मांडीवर कंट्रोलर घेऊन बसलेली, टीव्हीवर सरदारीण, आणि बाबा हातात कालथा घेऊन दारात उभे. बाबा म्हणाले, "अगं, 'जातेस' नाही, 'जातोस'! मी पुरुष माणूस आहे."

आई इतकी हसली, ताई. बिनआवाजाचं हसली, पण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मग तोच रिवाज पडला. बाबांना बोलवायचं झालं की हाकेचं बटण. मी न जेवता निघालो की "थांब!" त्याला वेगळं बटण होतं. दूध उतू जायला लागलं की "मागे बघ!" ते तिसरं. लढायला तिला कधीच जमलं नाही. पहिल्या दरवाज्याबाहेरच्या अंगणातच ती उभी असायची, कारण तिथे शत्रू येत नाही. शेवटची दोन वर्षं आपल्या घरात तिचा आवाज होता. तीन वाक्यांचा होता, पण तिचाच होता.

तुझ्यासाठी तिने ते बटण कधी दाबलं नाही. तू फोन केलास की बोलायचीस आणि ती नखाने रिसीव्हरवर टकटक करायची, आठवतं? एकदा मी म्हटलं, "फोन टीव्हीजवळ धरू का? ताईला ऐकव ना." तिने पाटीवर लिहिलं, 'ती घाबरेल.' मग ते पुसून दुसरं लिहिलं, 'आणि निघून येईल. तिची नोकरी नवी आहे.'

हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगायला तू फोन धरला नाहीस.

आता ती दुपार. आईला जाऊन चारच दिवस झाले होते. बाहेर माणसं बसलेली, तू मावशीशेजारी भिंतीला टेकून. तू पोचायच्या आधी ती गेली होती आणि तू त्याबद्दल एक शब्द बोलली नव्हतीस, रडलीही नव्हतीस. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. आणि आतून हाक आली. "किती लांब जातेस! इकडे ये!" मावशीच्या हातातला पेला पडला तो आवाज मला अजून ऐकू येतो.

तू आत धावलीस, मी मागच्या दाराने. तू पोचलीस तेव्हा मी टीव्हीसमोर होतो, कंट्रोलर माझ्या हातात, बाबा पलंगावर. बघणाऱ्याने दुसरं काय समजायचं? तू म्हणालीस, "वेळेवर आले नाही म्हणून टोमणा मारतोस? तिच्याच आवाजात?" आणि माझ्या तोंडात मारलीस. संध्याकाळी तुझी बॅग दाराशी होती.

ताई, कंट्रोलर मी बाबांच्या हातातून काढून घेतला होता. तू येण्याच्या जेमतेम एक श्वास आधी. बटण त्यांनी दाबलं होतं. टोमणा वगैरे काही नव्हता. चार दिवसांत घरात तो आवाज आला नव्हता आणि त्यांना राहवलं नाही, एवढंच.

तू गेल्यावर ते हात जोडून मला म्हणाले, "तिला सांगू नकोस. माझ्यावर रागावली तर ती परत यायची नाही."

मी म्हटलं, "माझ्यावर रागावली तरी नाही येणार."

"तुझ्यावरचा जाईल राग. भावंडांचा जातो."

गेला नाही, पाहतेस ना. बाबांना न विचारता आज हे लिहिलं. राग धरायचाच असेल तर निदान खऱ्या माणसावर धर. पण त्या माणसाचे कान गेलेत आणि दुपारी तो बटण दाबून टीव्हीला अगदी कान लावून बसतो, हेही लक्षात ठेव.


१९ मार्च

ताई,

तुझी चिठ्ठी मिळाली. पाच ओळींत तू 'बाबांना काही विचारू नकोस' असं दोनदा लिहिलंस. नाही विचारलं. आणि शेवटी लिहिलंस, 'आईने ते वाक्य कुठे म्हटलं ते शोधून काढ. मी तिथे होते असं वाटतं. लांब कॉरिडॉर होता. खरं की स्वप्न, कळत नाही.'

शोधलं. नव्या कंपनीच्या त्या मुलीने जुन्या ध्वनिमुद्रकाचा पत्ता दिला. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात, लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. वर पोचलो तेव्हा मला धाप लागलेली आणि ते दारात ताठ उभे, माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठे. घरात खुर्च्या दोन, त्या दोन्हींवर मांजरं. मला म्हणाले, "उठवू नका त्यांना. पलंगावर बसा." पलंगाखाली टेपांचे खोके. मी नाव सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही धाकटे. त्या वेळी यायची ती मोठी."

तर ते स्वप्न नव्हतं. तुझी शाळा दुपारी सुटायची, घरी कुणी नसायचं, म्हणून आई तुला बरोबर न्यायची. तुला काचेच्या अलीकडे स्टुलावर बसवायचे आणि गप्प राहायला सांगायचे. "गप्प!" ध्वनिमुद्रक हसले. "तिला? तिचं नावच टिटवी ठेवलं होतं तुमच्या आईने."

ते नाव मी किती वर्षांनी ऐकलं.

त्यांनी टेप लावली. आधी नुसती खरखर. मग कुणीतरी घसा खाकरला. ताई, आई होती ती. बोलायच्या आधी ती जशी खाकरायची तसंच, अगदी हलकं, दोनदा. मी टेप थांबवायला सांगितली. नंतर ज्या घशाने तिचा जीव घेतला, तो घसा टेपवर तरणा होता, स्वच्छ होता आणि कामाला लागण्यापूर्वी तयारी करत होता.  ध्वनिमुद्रकांनी एक मांजर खुर्चीवरून उतरवून माझ्या मांडीवर ठेवलं.

मग पुढे ऐकलं. दिग्दर्शकाचा आवाज येतो, "बाई, जरा मायेने. आत्ता पंप विकल्यासारखं वाटतंय." आई हसते. पुन्हा म्हणते. "आता दंतमंजन." पुन्हा. कितीतरी वेळ तेच चाललंय, हाक काही जमत नाही. शेवटी आई म्हणते, "अहो, समोर कुणी लांब गेलेलंच नाही, तर हाक कशी येणार?"

आणि तेवढ्यात दार कुरकुरतं. छोटी पावलं, धावणारी. कुणीतरी म्हणतं, "अरे, पोरगी पळाली, जिन्याकडे गेली." मायक्रोफोन चालू आहे हे आई विसरली.

"ए टिटवे! किती लांब जातेस! इकडे ये!"

पावलं थांबत नाहीत.

"किती लांब जातेस! इकडे ये!"

या दुसऱ्या हाकेत भीती आहे, ताई. फार नाही, चिमूटभर, पण आहे. मग पावलं परत येतात, तुझं खिदळणं येतं, आणि आई म्हणते, "पहिल्या हाकेला यायला काय होतं गं तुला? कितीदा बोलवायचं?" मागून दिग्दर्शक ओरडतो, "झालं! हेच पाहिजे होतं!"

त्यांनी दुसरी हाक घेतली. गेममध्ये आहे ती तीच.

तिथून घरी कसा आलो ते आठवत नाही. लहानपणी हजारदा मी ते बटण दाबलं असेल. मित्रांना ऐकवायला दाबलं, त्या बिनडोक पोरीवर वैतागून दाबलं. आईने पलंगावरून दाबलं, बाबांनी दाबलं. प्रत्येक वेळी ती तुलाच हाक मारत होती आणि आमच्यापैकी एकालाही ते माहीत नव्हतं. आईला असणार. पाटीवर मात्र तिने ते कधी लिहिलं नाही.

ध्वनिमुद्रकांनी टेपची नक्कल करून दिली आहे. पाठवू का, की तू इथे येऊन ऐकशील? तुला जे सोसेल ते.


३० जून

ताई,

तू गेल्याला महिना होत आला. पोचल्याचा तुझा फोन मी उचलला आणि तू ठेवला नाहीस, याची इकडे अजून चर्चा असते. तुझ्या भावजयीने त्या दिवशी शिरा केला होता, हे तुला सांगू नको म्हणाली होती.

तू इथे असताना आपण दोघं फारसं बोललो नाही, म्हणून थोडं आता लिहितो. तू आलीस त्या दुपारी बाबा टीव्हीसमोर होते. तुला दारात बघून त्यांनी कंट्रोलर उशीखाली सरकवला, चोरून बिडी ओढणाऱ्या पोरासारखा. मला वाटलं, आता तू विचारणार. तू पर्स खाली ठेवलीस, उशीखालून कंट्रोलर काढलास, त्यांच्या हातात दिलास आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणालीस, "दाबा बाबा. मलाही ऐकायचंय." त्यांना बटण सापडेना. तुझं बोट त्यांच्या बोटावर ठेवून तूच दाबलंस. मी बाहेर निघून आलो. तुम्ही दोघं काय बोललात ते मला माहीत नाही, विचारणारही नाही.

मग तू हट्टाने स्वतः खेळायला बसलीस आणि पहिल्याच खड्ड्यात अकरा वेळा पडलीस. "इतका टुकार गेम? आणि यासाठी तुम्ही बालपण घालवलंत?" असं म्हणालीस आणि पुन्हा खेळलीस. मी तुला तशी खूप वर्षांनी पाहिली.

कंपनीतली ती बैठक मला राहून राहून आठवते. पांढरं टेबल, काचेच्या भिंती, आणि ती मुलगी मोठ्या पडद्यावर नवा गेम दाखवत होती. काय सुंदर केला होता! दगडावर शेवाळ दिसत होतं. कॅमेरा भिंतीत शिरत नव्हता, उडी बोट टेकताच होत होती. पाचवा दरवाजा तर पूर्ण नवा. ती सगळं उत्साहाने सांगत होती, आणि खोटं कशाला बोलू, मीही लहान मुलासारखा पुढे सरकून बसलो होतो. मग ती म्हणाली, "आणि सगळ्यांची जुनी तक्रार होती ना, ती धनुष्यवाली ऐकत नाही म्हणून? आता बघा." तिने बटण दाबलं. आईची हाक आली, स्वच्छ केलेली, खरखर काढलेली. आणि ती पोरगी लगेच वळली आणि धावत आली. एका हाकेत.

तू विचारलंस, "मग दुसरी हाक?"

"गरजच पडत नाही, मॅडम."

"म्हणजे ती एकदाच बोलवणार."

"हो. लोकांना तेच हवंय."

तू पडद्याकडे बोट दाखवलंस. मग अगदी हळू आवाजात म्हणालीस, "त्या वाक्यात आहे ती मुलगी मी आहे. मी पहिल्या हाकेला आले नव्हते. आले असते तर हे वाक्यच झालं नसतं. तुम्ही आवाज घ्या, पण तिला पहिल्या हाकेला आणू नका."

ती बिचारी गोंधळली. "पण मॅडम, लोक शिव्या घालतील."

"घालू देत. माझ्या आईनेही घातल्या होत्या."

तिने वर विचारून सांगते म्हटलं. वाईट मुलगी नाही ती, खाली टॅक्सीपर्यंत आली आणि दार लावताना तुझा हात धरून ठेवला होता. तू दुसरीकडे बघत होतीस, म्हणून सांगतो. तिचे डोळे भरले होते.

तिचा निरोप परवा आला. वरिष्ठांना पटलं नाही. एवढ्या खर्चाने दोष काढायचे आणि एक मुद्दाम ठेवायचा, हे त्यांना हिशेबात बसत नाही. नव्याने आवाज घेणार आहेत, एक चांगली नटी आहे. 'मला स्वतःला वाईट वाटतंय,' असं तिने शेवटी लिहिलंय. मला वाटेल असं वाटलं होतं, पण नाही वाटलं. नवा गेम चांगलाच होणार. मी विकत घेऊन खेळणार, आवडणारही मला, आणि पुढच्या वर्षी विसरून जाईन.

आता एक गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं. तुझी भावजय म्हणते, नको लिहूस, ताईंना उगाच धास्ती. पण लपवून काय मिळवलं ते आपण दोघांनी पाहिलंय.

आपलं गेमचं मशीन बिघडलं. मागच्या सोमवारी लावलं तर नुसता हिरवा दिवा लागला आणि विझला. दुरुस्तीवाल्याकडे दिलंय. तो म्हणतो, याचे सुटे भाग आता मिळत नाहीत, बघतो, आशा ठेवू नका. बाबांना मी लिहून दाखवलं. त्यांनी मान हलवली, फार काही वाटल्यासारखं दिसलं नाही. टीव्हीचाही प्लग मी काढून ठेवला होता.

काल दुपारी मी जेवायला घरी आलो होतो. घरात चिडीचूप. शिलाईवाल्या बाईंचं मशीनसुद्धा बंद. बाबा बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. ज्या माणसाला मी दारातून ओरडलो तरी ऐकू येत नाही, त्या माणसाने एकदम डोळे उघडले. मान वळवली, आतल्या खोलीकडे. मग दोन्ही हातांनी खुर्ची धरून उठले, पायाने चपला चाचपल्या आणि निघाले.

मी आडवा गेलो. हातानेच विचारलं, काय झालं?

"हाक मारतेय," बाबा म्हणाले. अगदी सहज. पाऊस आलाय म्हणावं तसं.

मशीन घरात नाही, टीव्ही बंद आहे, असं मी खुणेने दाखवलं. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं.

"तुला नाही ऐकू यायची. तुला नाही मारली."

"तुम्हाला मारली?" मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

"मला कशाला? तिने टिटवीला मारली. मी आपला सांगायला चाललोय, ती इथे नाही म्हणून."

ताई, ती हाक टिटवीला मारलेली आहे, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तूही सांगितलं असशील असं वाटत नाही, पण सांगितलं असशील तर कळव, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल. त्यांना नुसतं ते जुनं नाव आठवलं असेल, असंही होऊ शकतं. तेव्हा आपण लहान होतो, घरात ते नाव रोज घेतलं जायचं. रात्रभर मी स्वतःला हेच समजावलं.

ते आत गेले. मी दारात थांबलो. बंद टीव्हीसमोर पलंगावर बसले, हात गुडघ्यांवर ठेवून, आणि त्या काळ्या काचेकडे बघून बोलायला लागले. ते ओरडून बोलत नव्हते. ऐकू न येणारी माणसं मोठ्याने बोलतात ना, तसं नाही. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं.

"अगं, येऊन गेली ती. चांगली आठ दिवस राहिली. तू झोपली होतीस बहुतेक." जरा थांबले, ऐकल्यासारखे. मग म्हणाले, "हो, सांगतो. पुन्हा येईल तेव्हा उठवतो तुला."

मी परत दुकानात गेलो नाही. पायरीवर बसून राहिलो. मला घाबरायला हवं होतं. पण खरं सांगू? मी कान देऊन बसलो होतो.

तुझा
भाऊ